दाराला तीन देव, मग समुद्राला किती?

तुमच्या घराच्या दाराकडे एकदा नीट पाहा. दाराला फळी असते, फळी फिरावी म्हणून बिजागऱ्या असतात आणि खाली उंबरठा असतो. आपण या सगळ्याला मिळून ‘दार’ म्हणतो आणि मोकळे होतो. प्राचीन रोममधल्या माणसाचे मात्र तेवढ्याने भागत नसे. दाराच्या फळ्यांचा एक देव होता, फोर्क्युलस. बिजागरीची एक देवी होती, कार्डिया. उंबरठ्याचा देव आणखी निराळा, लिमेंटिनस. इ. स. पाचव्या शतकात सेंट ऑगस्टीन या ख्रिस्ती पंडिताने याची भरपूर थट्टा केली. दारावर पहारेकरी म्हणून माणूस एकच पुरतो, मग देव तीन कशाला, असा त्याचा सवाल होता.

सवाल बिनतोड आहे खरा. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने नुसते हसून पुढे जाऊ नये. फळी, बिजागरी आणि उंबरठा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कामे वेगळी आहेत, हे कुणीतरी आधी नीट पाहिले होते. नावे मागाहून आली. मग एका दाराला तीन देव देणाऱ्या या लोकांनी समुद्राला आणि वाऱ्याला किती दिले असतील? मोठा समुद्रदेव नेपच्यून तुम्हांला ठाऊक असेल. त्याला आज आपण बाजूला बसवू आणि त्याच्या दरबारातल्या लहानसहान मंडळींची ओळख करून घेऊ.

येणारी लाट, जाणारी लाट

यांतल्या दोघी जलदेवता आहेत व्हेनिलिया आणि सलाशिया. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन पंडित व्हॅरो याने त्यांचा अर्थ असा लावला, की किनाऱ्याकडे येणारी लाट ती व्हेनिलिया आणि खोल खाऱ्या समुद्राकडे परत जाणारी ती सलाशिया. इथेही ऑगस्टीनने त्याला गाठलेच. जी लाट येते तीच परत जाते, मग एकीच्या दोघी कशा झाल्या?

आता तुम्हीच न्याय करा. खोल पाण्यात लाट पुढे सरकते, पण पाणी फारसे पुढे जात नाही. बादलीत किंवा तळ्यात बुचाचा तुकडा टाकून पाहा. लाट आली की बूच वर चढते, थोडे पुढे जाते, खाली येते, थोडे मागे येते आणि जवळजवळ होते तिथेच राहते. पाण्याचा प्रत्येक कण गोल गिरकी घेत असतो, पुढे जाते ती फक्त लाटेची ऊर्जा. किनारा जवळ आला की तळ उथळ होतो आणि ही गिरकी तळाला घासू लागते. लाटेचा वेग कमी होतो, मागून येणारे पाणी तिच्यावर चढते आणि ती उंच व अरुंद होत जाते. तिची उंची तिथल्या खोलीच्या साधारण चार पंचमांशापर्यंत पोहोचली की माथा पुढे कलंडतो आणि लाट फुटते. इथून पुढे मात्र पाणी खरोखरच धावत वाळूवर येते. ही व्हेनिलिया.

एवढे पाणी किनाऱ्यावर आल्यावर ते परतही गेले पाहिजे. ते परत जाते उतारावरून, गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने, म्हणजे अगदी वेगळ्या कारणाने. तुम्ही ओल्या वाळूत उभे असताना टाचांखालची वाळू सरकते ना, ती याच परतीच्या पाण्यामुळे. येणारी लाट ऊर्जेची, जाणारे पाणी उताराचे. माझे मत विचाराल तर या खटल्यात मी व्हॅरोच्या बाजूने निकाल देईन.

आणि या दोघींतली सलाशिया अधिक धोक्याची, हेही लक्षात ठेवा. कित्येकदा परतीचे पाणी किनारभर सारखे पसरून जात नाही. वाळूच्या दांड्यातला एखादा खळगा सापडला की सगळे त्या वाटेने एकवटून समुद्रात निघते. अशा ओढीचा वेग सेकंदाला एक-दोन मीटर असू शकतो आणि पट्टीचा पोहणाराही त्याविरुद्ध टिकत नाही. वरून पाहणाऱ्याला तिथे लाटा कमी फुटताना दिसतात, म्हणून नेमकी तीच जागा शांत वाटते. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचे नसते. किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्याबाहेर पडायचे, मग किनारा गाठायचा.

बंदराचा देव आणि एक इंग्रजी शब्द

तिसरा देव पोर्ट्यूनस. हा मुळात दरवाजांचा देव असावा, कारण त्याच्या हातात किल्ली असे. पुढे बंदराचे तोंड म्हणजे समुद्राचा दरवाजाच, तेव्हा तो बंदरांचाही देव झाला. १७ ऑगस्टला त्याचा सण असे. टायबर नदीकाठी, रोमच्या जुन्या गुरांच्या बाजारापाशी, त्याचे इ. स. पूर्व पहिल्या शतकातले देऊळ आजही जवळजवळ सबंध उभे आहे. इ. स. ८७२ मध्ये त्याचे चर्च झाले, म्हणून त्याचे दगड कुणी उचलून नेले नाहीत.

बंदराकडे वाहणाऱ्या सोयीच्या वाऱ्यासाठी लॅटिनमध्ये शब्द होता ‘ऑपॉर्ट्यूनस’. संधी या अर्थाचा इंग्रजी ‘ऑपॉर्च्युनिटी’ हा शब्द त्यातूनच आला. गंमत अशी, की एकाला सोयीचा वारा दुसऱ्याला गैरसोयीचा असतो. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा थोरला प्लिनी हा मिसेनमच्या रोमन आरमाराचा प्रमुख होता. वाऱ्यांविषयी, पक्ष्यांविषयी, दगडधोंड्यांविषयी त्याने लिहून ठेवलेला प्रचंड ग्रंथ आपल्याला या लेखात पुन्हा पुन्हा लागणार आहे. लोकांना सोडवायला तो जहाजे घेऊन निघाला. वारा किनाऱ्याकडे वाहत होता, म्हणून तो झपाट्याने स्टॅबिए या गावी पोहोचला. तिथे त्याचा एक मित्र सामान जहाजावर चढवून पळण्याच्या तयारीत बसला होता. पण निघता येत नव्हते, कारण वारा किनाऱ्याकडेच वाहत होता! तो वारा काही फिरला नाही. दुसऱ्या दिवशी समुद्र तसाच खवळलेला होता आणि राख नि धुराने वेढलेल्या त्या किनाऱ्यावरच प्लिनी मरण पावला. ही सारी हकिगत त्याच्या भाच्याने एका पत्रात लिहिली आहे.

वादळाला देऊळ

रोमन लोक मुळात शेतकरी आणि सैनिक. समुद्र त्यांना फार उशिरा भेटला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या शहराशी युद्ध सुरू झाले तेव्हा नाइलाजाने त्यांनी मोठे आरमार बांधले. त्या युद्धात, इ. स. पूर्व २५९ मध्ये, ल्युसियस कॉर्नेलियस स्किपिओ हा रोमचा कॉन्सल आपले आरमार घेऊन कॉर्सिका बेटावर गेला. त्याने ॲलेरिया हे शहर जिंकले. पण तिथल्या समुद्रात वादळाने त्याचे आरमार बुडण्याच्या बेतास आणले होते. त्यातून वाचल्यावर त्याने रोममध्ये ‘टेंपेस्टाटेस’ म्हणजे वादळदेवतांचे देऊळ बांधले. त्याच्या शवपेटीवरचा लेख सापडला आहे. शहर जिंकणे आणि देऊळ बांधणे, या दोन्ही गोष्टी त्यात शेजारी शेजारी कोरल्या आहेत. व्हर्जिल कवीच्या महाकाव्यातही समुद्रप्रवासाआधी वादळाला काळी मेंढी आणि सौम्य पश्चिम वाऱ्यांना पांढरी मेंढी बळी दिल्याचा प्रसंग आहे.

देऊळ बांधून चार वर्षे झाली. इ. स. पूर्व २५५ मध्ये रोमचे आरमार आफ्रिकेहून सिसिली बेटाच्या दक्षिण किनाऱ्याने परत येत होते. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने पुढची हकिगत सांगितली आहे. जहाजांच्या सुकाणूवाल्यांनी सेनापतींना पुन्हा पुन्हा बजावले, की या किनाऱ्याने जाऊ नका. एक तर हा किनारा खडकाळ, आडोशाला बंदरे थोडी. दुसरे म्हणजे दिवस वाईट होते. पहाटे पूर्वेला मृग नक्षत्र दिसू लागले होते आणि व्याधाचा तारा अजून दिसायचा होता. म्हणजे जुलै महिना. या दोन उदयांमधल्या काळात तिथे वादळे होतात, असा खलाशांचा अनुभव होता. (मृग आणि व्याध पाहून हवेचा अंदाज बांधणारे आपलेच आजोबा-पणजोबा नव्हते, हे यावरून दिसते.) पण जिंकून आलेल्या सेनापतींना वाटेतली आणखी काही गावे धाक घालून घ्यायची होती. त्यांनी ऐकले नाही.

कॅमॅरिना गावाजवळ वादळाने त्यांना गाठले. ३६४ जहाजे होती, ८० वाचली. मोठ्या युद्धनौकेवर तीनशे वल्हेकरी असत आणि वर सैनिक वेगळे. सगळी जहाजे एवढी मोठी नव्हती, तरी किती माणसे बुडाली असतील याचा अंदाज तुम्हीच करून पाहा. पॉलिबियस म्हणतो, रोमन लोक प्रत्येक गोष्ट बळाने करायला जातात. माणसांपुढे ते चालते, समुद्र आणि हवेपुढे चालत नाही.

इथे देवतांचा विचार जरा बाजूला ठेवून त्या सुकाणूवाल्यांचा विचार करा. त्यांच्याजवळ वायुभारमापक नव्हता, उपग्रहाची चित्रे नव्हती. पण कोणत्या महिन्यात, कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या दिशेचा वारा काय करतो, याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद डोक्यात होती. ती नोंद देवतांच्या नावांनी लक्षात ठेवलेली होती, एवढेच.

संगमरवरातले हवामानशास्त्र

ही नोंद दगडावर पाहायची असेल तर ग्रीसमध्ये अथेन्सला जावे लागेल. ते शहर रोमच्या अंमलाखाली असतानाच्या दिवसांत उभारलेला एक अष्टकोनी संगमरवरी मनोरा तिथे आहे. तो बारा मीटरांहून अधिक उंच आहे. तो उभारला अँड्रोनिकस नावाच्या ज्योतिर्विदाने, असे व्हिट्रूव्हियस हा रोमन स्थापत्यशास्त्रज्ञ सांगतो. आत पाण्याचे घड्याळ होते, बाहेरच्या भिंतींवर सूर्यघटिका होत्या आणि आठ दिशांना आठ वायुदेवता कोरलेल्या आहेत.

या वायुदेवता जवळून पाहा. उत्तरेचा वारा दाढीवाला, जाड अंगरखा गुंडाळलेला, शंख फुंकणारा. ईशान्येच्या हातात ढाल आहे आणि ढालीतून तो गारा ओततो आहे. पूर्वेच्या ओच्यात फळे आणि धान्य. दक्षिणेचा वारा घागर पालथी करून पाऊस पाडतो आहे. नैर्ऋत्येच्या हातात जहाजाच्या मागच्या टोकाचे नक्षीकाम. पश्चिमेचा तरुण वारा अनवाणी आहे, अंगावर बेताचेच वस्त्र आहे आणि तो ओच्यातली फुले सांडत चालला आहे. वायव्येच्या हातात निखाऱ्यांचे भांडे. ही नुसती शिल्पे नव्हेत. हा अथेन्सच्या हवेचा तक्ता आहे. वाचता न येणाऱ्यालाही कळावा असा!

मनोऱ्याच्या शिखरावर ट्रायटनची ब्राँझची मूर्ती होती. ट्रायटन हा नेपच्यूनचा मुलगा, कमरेखाली मासा, शंख वाजवून लाटांना हुकूम देणारा. ती मूर्ती वाऱ्याबरोबर फिरे आणि हातातल्या छडीने, वाहणाऱ्या वाऱ्याचे चित्र दाखवी. म्हणजे ट्रायटन हा वातकुक्कुट झाला होता. या ट्रायटनला विसरू नका. तो शेवटी पुन्हा भेटणार आहे.

व्हिट्रूव्हियसने या आठही वाऱ्यांची रोमन नावे दिली आहेत. त्यांतली काही तुमच्या ओळखीची निघतील. दक्षिणेचा ऑस्टर, त्याच्यावरून दक्षिणेकडचा देश तो ऑस्ट्रेलिया. नैर्ऋत्येचा आफ्रिकस, आफ्रिकेकडून येणारा. उत्तरेचा सेप्टेंट्रिओ, म्हणजे नांगराचे सात बैल. आकाशात उत्तरेला सात ताऱ्यांचा समूह कोणता? आपले सप्तर्षी! पश्चिमेचा फॅव्होनियस हा वसंताचा सौम्य वारा. आल्प्स पर्वतावरून उतरणाऱ्या उबदार वाऱ्याला ‘फॉन’ म्हणतात, ते याच नावाचे आजचे रूप. जर्मन लोक केस वाळवण्याच्या यंत्रालाही हेच नाव देतात. वारा या अर्थाचा लॅटिन शब्द ‘व्हेंटस’ आणि संस्कृत ‘वात’ हे तर सख्खे भाऊबंद आहेत.

लेस्बॉस बेटावरच्या मायटिलीनी शहराविषयी व्हिट्रूव्हियस एक मजेदार तक्रार करतो. शहर सुंदर, पण रस्ते वाऱ्याच्या रोखाने आखलेले. ऑस्टर सुटला की माणसे आजारी पडतात. वायव्येचा कॉरस सुटला की खोकतात. उत्तरेचा सुटला की बरी होतात खरी, पण थंडीने गल्लीत उभी राहू शकत नाहीत! रस्ते आखताना वाऱ्याचा विचार आधी करा, असे त्याचे सांगणे.

दिशा बदलली की वाऱ्याचा स्वभाव का बदलतो? तुम्ही बाहेरच्या खोलीत बसलेले असता आणि स्वयंपाकघराकडून झुळूक येते तेव्हा फोडणीचा वास येतो. अंगणाकडून आली तर ओल्या मातीचा येतो. वारा तोच, पण तो जिथून आला तिथला गुण घेऊन आला. हवेचा मोठा साठा एखाद्या प्रदेशावर बरेच दिवस पडून राहिला की तिथले तापमान आणि ओलावा तो उचलतो. शास्त्रज्ञ त्याला वायुराशी म्हणतात. ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नॉर्वेतल्या बर्गन शहरातील हवामानशास्त्रज्ञांनी पक्की केली. ऑस्टर निघतो सहारा वाळवंटातून, गरम आणि कोरडा. भूमध्य समुद्र ओलांडताना तो पाणी पितो, म्हणून इटलीला पोहोचेपर्यंत दमट नि कोंदट होतो. कधी त्याच्याबरोबर आलेली वाळवंटाची धूळ पावसात मिसळते आणि तांबडा पाऊस पडतो. ईशान्येचा ॲक्विलो येतो खंडाच्या थंड अंतर्भागातून. थंड हवा जड असते. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्वेच्या डोंगरांमागे ती साठते आणि खिंडींमधून खाली कोसळते. आज तिथले लोक तिला ‘बोरा’ म्हणतात, म्हणजे ग्रीकांचा बोरियसच. ट्रिएस्ट शहरात बोरा सुटला की माणसांना धरून चालता यावे म्हणून रस्त्यांच्या कडेने दोर बांधत असत.

आता कळेल, की फॅव्होनियसची रोमन खलाशी इतकी वाट का पाहत. प्लिनीच्या हिशेबाने तो ८ फेब्रुवारीच्या सुमारास वाहू लागे. चौथ्या-पाचव्या शतकातला व्हेजिटियस अधिक सावध. त्याच्या मते ११ नोव्हेंबरपासून १० मार्चपर्यंत समुद्र बंद. या बंद काळात रोमला इजिप्तहून गहू येत नसे.

धूर पाहणारा राजा, समुद्रावर घरटे बांधणारी पाखरू

या सर्व वाऱ्यांना गुहेत कोंडून ठेवणारा राजा इओलस. तो सिसिलीच्या उत्तरेच्या बेटांवर राहतो, अशी समजूत होती. त्या बेटांना आजही इओलियन बेटे म्हणतात. त्यांतले स्ट्राँबोली हा जागृत ज्वालामुखी आहे. गेली दोन हजार वर्षे तरी तो थोडाथोडा धुमसतो आहे. प्लिनी लिहितो, की तिथले रहिवासी या ज्वालामुखीचा धूर पाहून पुढल्या तीन दिवसांत कोणता वारा वाहील ते सांगतात आणि त्यावरूनच वारे इओलसच्या आज्ञेत आहेत अशी समजूत झाली. किती समंजस विचार आहे पाहा! सुमारे ९०० मीटर उंचीच्या डोंगरावरून निघणारा धूर वरच्या हवेची दिशा दाखवतो, ती खाली बंदरात जाणवण्याआधी. तीन दिवसांचा अंदाज जरा जास्तच आहे, पण वर पाहून खालचे ओळखण्याची रीत बरोबर आहे.

इओलसची मुलगी अल्सायोनी. तिचा नवरा सीइक्स समुद्रात बुडाला, तिने दुःखाने पाण्यात उडी घेतली, तेव्हा देवांनी दोघांना खंड्या पक्षी केले. ती ऐन हिवाळ्यात समुद्रावर तरंगते घरटे बांधते. तेव्हा बाप वाऱ्यांना कोंडून ठेवतो. म्हणून सर्वांत लहान दिवसाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात दिवस समुद्र शांत असतो, अशी कथा. ओव्हिड कवीने ती सांगितली आहे. प्लिनीनेही हे दिवस जमेस धरले आहेत.

कथेतला अर्धा भाग साफ चुकीचा आहे. खंड्या समुद्रावर घरटे बांधत नाही. तो नदीनाल्याच्या दरडीत चोचीने बोगदा खणतो आणि तोही हिवाळ्यात नव्हे. पण उरलेला अर्धा खरा आहे. ग्रीसमध्ये भर हिवाळ्यात, पुष्कळदा जानेवारीत, हवेचा दाब वाढून वारा पडतो आणि काही दिवस स्वच्छ ऊन पडते. पाहणी बरोबर, कारण चुकीचे. विज्ञानाच्या इतिहासात असे कितीदा घडले आहे!

हे जोडपे आपल्याकडेही आहे बरे का. तारेवर बसलेला, पांढऱ्या छातीचा, निळ्या पाठीचा खंड्या तुम्ही पाहिला असेल. त्याचे शास्त्रीय नाव ‘हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस’. त्यातली हॅल्सिऑन म्हणजे अल्सायोनी. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणातल्या ओढ्यांच्या दरडीत बोगदा खणणारा इवलासा तिबोटी खंड्या म्हणजे ‘सीइक्स एरिथाका’. बुडालेला नवरा कर्नाळ्याच्या जंगलात सापडला म्हणायचा.

फॅव्होनियस आपल्या समुद्रात

आता इजिप्तच्या बंदरातून निघालेल्या एका जहाजाबरोबर आपल्याकडे येऊ. इ. स. पहिल्या शतकात रोमन साम्राज्यातले व्यापारी जुलैमध्ये निघत. तांबड्या समुद्राच्या तोंडावरून पुढे किनारा सोडून, भर अरबी समुद्रातून भारताकडे येत. ज्या वाऱ्यावर ते येत त्याला हिपॅलस असे नाव होते. त्याच काळातील एका ग्रीक प्रवासग्रंथात ते एका सुकाणूवाल्याचे नाव म्हणून दिले आहे. प्लिनी सांगतो, की फॅव्होनियसलाच तिकडे हिपॅलस म्हणतात आणि त्याच्या जोरावर तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळून केरळातल्या मुझिरिस बंदरात चाळीस दिवसांत पोहोचता येते.

हा वारा म्हणजे आपले नैर्ऋत्य मोसमी वारे, हे तुम्ही ओळखलेच असेल. आपल्या आणि अरबस्तानच्या खलाशांना ते त्याआधीच माहीत होते. प्लिनीने मात्र घरच्या देवाचे नाव परक्या समुद्रावर चिकटवले. ते नीट बसत नाही. रोमचा फॅव्होनियस फुले सांडणारा. आपल्याकडचा कौले उडवणारा. परतीच्या वाऱ्याला तर तो आग्नेयेच्या वाऱ्याचे रोमन नाव देतो. प्रत्यक्षात हिवाळ्यात आपल्याकडून अरबस्तानाकडे वाहतो तो ईशान्य वारा. दूरच्या वस्तूला जवळचे नाव दिले की असे होते. तरी वेळेचा हिशेब चोख होता. जुलैत निघालेले जहाज आपल्या किनाऱ्याला लागे ते सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे पावसाचा जोर ओसरल्यावर, नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर. महिनाभर आधी आले असते तर कॅमॅरिनाची गोष्ट इथे घडली असती.

त्याच ग्रीक ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या आपल्या बंदरांची नावे येतात. आणि कोल्हापूरला, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात, १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा सापडला. त्यात समुद्रदेव पोसायडन, म्हणजे रोमनांचा नेपच्यून, याची लहानशी मूर्ती होती. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. घाट चढून इतक्या आत ती कुणी आणली असेल? तिला हात जोडून एखाद्या खलाशाने वादळे पार केली असतील, की कुणा श्रीमंताच्या घरात ती नुसती शोभेला होती?

माशाच्या तोंडात, सूर्यमालेच्या टोकाला

समुद्रातल्या जलकन्या पन्नास, त्यांना नीरिड म्हणत. त्यांच्या नावांचा साठा पुढे प्राणिशास्त्रज्ञांना आयताच सापडला. चिखलात राहणारी, गळाला लावतात ती नीरिस अळी लिनीयसने १७५८ मध्ये या जलकन्यांच्या नावावर टाकली. सायमोथोई नावाच्या जलकन्येने तर व्हर्जिलच्या काव्यात ट्रायटनच्या मदतीने खडकावर चढलेली जहाजे ढकलून मोकळी केली होती. बिचारीचे नाव आज कुणाला आहे? माशाच्या तोंडात शिरून त्याच्या जिभेवर ठाण मांडणाऱ्या ‘सायमोथोआ’ या परजीवीला!

खगोलशास्त्रज्ञांनी जरा बरे वागवले. १८४६ च्या २३ सप्टेंबरला नेपच्यून ग्रह सापडला आणि सतराच दिवसांनी विल्यम लॅसेलने त्याचा मोठा उपग्रह शोधला. त्याचे नाव ट्रायटन. १९४९ मध्ये जेरार्ड कायपरने दुसरा शोधला, तो नीरिड. २००४ मध्ये नेपच्यूनच्याही पलीकडे फिरणारी एक वस्तू सापडली, तिला परत जाणाऱ्या लाटेचे, म्हणजे सलाशियाचे नाव मिळाले.

१९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-२ हे यान १९८९ च्या ऑगस्टमध्ये, सुमारे ४५० कोटी किलोमीटर अंतरावर, नेपच्यूनपाशी पोहोचले. नेपच्यूनवर ताशी २,००० किलोमीटरच्या आसपास वेगाचे वारे आढळले. सूर्यमालेत याहून वेगवान वारे ठाऊक नाहीत. मग यान ट्रायटनजवळून गेले. तिथे तापमान होते उणे २३५ अंश सेल्सिअस. हवा इतकी विरळ, की तिचा दाब पृथ्वीवरच्या हवेच्या दाबाच्या सत्तर हजारांश. अशा हवेत वारा तो काय वाहणार, असे वाटावे. पण छायाचित्रे नीट तपासली तेव्हा गोठलेल्या नायट्रोजनाच्या पृष्ठभागातून काळपट फवारे उडताना दिसले. ते आठ किलोमीटर सरळ वर चढत होते आणि तिथे एकदम काटकोनात वळून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे लांबत गेले होते. त्या वळणावरूनच शास्त्रज्ञांना कळले, की ट्रायटनवर आठ किलोमीटर उंचीला वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे.